आधी रूट बघा, मग जहाज: अलास्का क्रूझबद्दल वाचकांचे प्रश्न

अलास्काचा क्रूझ सीझन साधारण एप्रिलच्या शेवटी सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो, पण बुकिंगची धावपळ त्याच्या खूप आधी सुरू होते आणि तेव्हापासूनच तुमचे प्रश्न यायला लागतात. या वेळी इतके आलेत की सगळं सदर त्यालाच देतेय. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण जवळपास प्रत्येक पत्रात तेच दिसलं: लोक जहाजावर स्विमिंग पूल किती, रेस्टॉरंट किती, शो कुठले हे सगळं विचारतात आणि जहाज नेमकं कुठून कुठे जाणार, कुठल्या ग्लेशियरसमोर किती वेळ थांबणार हे विचारतच नाहीत. अहो, पूल कुठल्याही समुद्रात मिळतो. अलास्काला आपण बर्फ, जंगल आणि व्हेल बघायला जातो ना, मग पैसे त्याच्यावर लावा.

प्रश्न: ताई, सात रात्रींची क्रूझ घ्यायचीय. सिएटलहून निघणारी स्वस्त दिसतेय, व्हँकुव्हरहून निघणारी थोडी महाग आहे. दोन्ही अलास्कालाच जातात तर फरक कशाला पडतोय?

फरक पडतो. सिएटलहून निघालेली बहुतेक मोठी जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने जातात, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून, त्यामुळे पहिला दीड दिवस नुसतं पाणी आणि थोडं हलणं. व्हँकुव्हरहून निघालेलं जहाज बेट आणि मुख्य जमीन यांच्या मधून जातं, तिथे दोन्ही बाजूंना डोंगर, देवदारासारखी उंच झाडं, मधेच एखादं दीपगृह, आणि पाणीही शांत असतं. यालाच इनसाइड पॅसेज म्हणतात आणि पुढे अलास्कात शिरल्यावर हा पॅसेज दोन्ही रूटला मिळतो, पण कॅनडाकडचा पहिला सुंदर भाग सिएटलवाल्यांचा बऱ्यापैकी हुकतो.

तिसरा प्रकार म्हणजे वन-वे. व्हँकुव्हरहून निघून सूअर्ड किंवा व्हिटियर या अलास्कातल्या बंदरांत उतरायचं, मग तिथून ट्रेन किंवा बसने अँकरेज आणि पुढे डेनाली. हातात दहा-बारा दिवस असतील तर मी डोळे झाकून हाच सांगेन. डेनाली हे उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात उंच शिखर, ६,१९० मीटर, पण ते बहुतेक वेळा ढगात असतं, त्यामुळे तिथे एकच रात्र ठेवून निराश होऊ नका, दोन तरी ठेवा. आणि डेनाली नॅशनल पार्कमधला एकुलता एक रस्ता २०२१ मध्ये दरड सरकल्यामुळे ४३व्या मैलाजवळ बंद केला गेला, तेव्हा बस कुठपर्यंत जातेय हे बुकिंगच्या आधी पार्कच्या साइटवर बघून घ्या.

प्रश्न: ग्लेशियर बे, हबर्ड ग्लेशियर, ट्रेसी आर्म, एंडिकॉट आर्म... प्रत्येक क्रूझवर वेगळं नाव आहे. सगळीकडे बर्फच ना? कुठलं घ्यायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, म्हणून उत्तर जरा मोठं देते.

एकच निवडायचं असेल तर ग्लेशियर बे. हे नॅशनल पार्क आहे आणि दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात. परमिट मोजक्या कंपन्यांकडे आहेत, त्यात प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका यांच्या फेऱ्या भरपूर असतात. माहितीपत्रकात नुसतं 'ग्लेशियर व्ह्यूइंग' लिहिलं असेल तर ते ग्लेशियर बे असेलच असं नाही, तारखेपुढे 'ग्लेशियर बे नॅशनल पार्क' असं पूर्ण नाव आहे का ते बघा.

सकाळी पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन चालत्या जहाजावर चढतात आणि दिवसभर माइकवरून माहिती देतात. त्यांचं ऐका, खरंच ऐका, कारण काय बघायचं हे कळलं की हाच प्रवास दुप्पट रंगतो. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा आत जायला बे, म्हणजे खाडी, नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची प्रचंड भिंत उभी होती. १८७९ मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्युर आला तेव्हा ती भिंत चाळीस मैलांहून जास्त मागे गेली होती, आणि आज आपलं जहाज साधारण ६५ मैल, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर आत जातं तेव्हा कुठे मोठा ग्लेशियर भेटतो.

आता यातली गंमत बघा. तोंडाजवळची जमीन बर्फातून सगळ्यात आधी मोकळी झाली, म्हणून तिथे स्प्रूस आणि हेमलॉकचं दाट जुनं जंगल आहे. जसजसं आत जाल तसतशी झाडं लहान होत जातात, मग नुसती अल्डरची झुडपं, मग शेवाळाचा हिरवा थर, आणि बर्फाजवळ पोचलात की उघडा, घासून गुळगुळीत झालेला खडक. जंगल कसं उगवतं त्याचे दोनशे वर्षांचे टप्पे एका सकाळीत उलट्या क्रमाने डोळ्यासमोरून जातात. विल्यम कूपर नावाच्या शास्त्रज्ञाने १९१६ पासून इथे हेच मोजायला सुरुवात केली आणि त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांमुळेच १९२५ मध्ये या जागेला संरक्षण मिळालं, नॅशनल पार्क झालं १९८० मध्ये. आणि हे लक्षात असू द्या की ही जागा 'निर्जन' कधीच नव्हती, हूना ट्लिंगिट या मूळनिवासी लोकांची गावं इथे होती, बर्फ पुढे सरकत आला तेव्हा त्यांना घरं सोडावी लागली. २०१६ मध्ये बेच्या तोंडाजवळच्या बार्टलेट कोव्हला त्यांचं पारंपरिक सामुदायिक घर पुन्हा उभं राहिलं.

मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज साधारण तासभर थांबतं आणि हळूहळू गोल फिरतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना दिसतं, धक्काबुक्की करायची गरज नाही. समोर दीडेक किलोमीटर रुंद भिंत, पाण्यावर सत्तर-पंचाहत्तर मीटर उंच. रंग पांढरा असेल असं वाटतं पण भेगांमध्ये चक्क निळा दिसतो, कारण वर्षानुवर्षं दाबल्या गेलेल्या बर्फातून हवा निघून गेलेली असते आणि असा घट्ट बर्फ लाल प्रकाश शोषून घेतो, निळा तेवढा बाहेर येतो. ढगाळ दिवशी हा निळा जास्त खुलतो, म्हणून ऊन नाही म्हणून हळहळू नका.

मग तुकडा पडतो. आधी दिसतं, आवाज येत नाही, एवढा मोठा कडा मुकाट्याने खाली सरकतो, पाणी उसळतं, आणि दोन-तीन सेकंदांनी गडगडाट पोचतो. आवाज ऐकून मान वळवलीत तर पडणं संपलेलं असतं. म्हणून भिंतीच्या एका भागावर नजर ठेवून उभं राहा, जिथून बारीक बारीक खडे घरंगळत असतील तिथे बघत राहा, बऱ्याचदा मोठा तुकडा तिथूनच सुटतो. मोबाइलवर व्हिडिओ काढायचा तर काढा, पण सगळा तास स्क्रीनमध्ये घालवू नका प्लीज. आणि एंजिन मंद झालं की खालच्या उघड्या डेकवर जा आणि कान द्या, पाण्यात तरंगणाऱ्या बर्फातून बारीक तडतड ऐकू येते, ती आत अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे फुटत असतात.

हबर्ड वेगळा आहे. तो अवाढव्य, लांबी १२२ किलोमीटर आणि समुद्राकडचं तोंड दहाएक किलोमीटर रुंद, आणि बाकीचे बहुतेक ग्लेशियर मागे जात असताना हा पुढे सरकतोय. १९८६ आणि २००२ मध्ये तर त्याने शेजारच्या रसेल फिओर्ड या खाडीचं तोंडच बंद करून टाकलं होतं. मात्र बर्फाचे तुकडे फार झाले तर जहाज लांबूनच परत फिरतं. ट्रेसी आर्म आणि एंडिकॉट आर्म या अरुंद घळी आहेत, उभे कडे, त्यावरून पडणारे धबधबे, मोठ्या जहाजापेक्षा छोट्या बोटीतून जास्त छान. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रेसी आर्ममध्ये मोठी दरड कोसळून लाट उसळली होती, तेव्हा तुमच्या तारखेला जहाज दोन्हीपैकी कुठे जाणार आहे ते कंपनीला विचाराच.

प्रश्न: आमच्याकडे अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा आहे. मुलाचं ग्रीन कार्ड आहे, सून वर्क व्हिसावर आहे. सिएटलहून जाऊन सिएटललाच परत येणार, मग कॅनडाचा व्हिसा कशाला मागतायत?

काका, मागतायत ते बरोबर आहे. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे, त्यानुसार परदेशी झेंड्याखालचं जहाज नुसत्या अमेरिकन बंदरांमध्ये प्रवासी फिरवू शकत नाही, मधे एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं, आणि मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी झेंड्याखाली असतात. म्हणून सिएटलवाली जहाजं एका संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. तुम्ही खाली उतरा किंवा उतरू नका, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो आणि तो नसेल तर सिएटललाच चेक-इनला अडवतात. मुलाला भारतीय पासपोर्ट आणि चालू ग्रीन कार्ड दाखवून कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण सुनेला लागेल. आणि तुमचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, ते बघा, कारण कॅनडाहून परत आत यायचंय. आधी व्हिसा, मग नॉन-रिफंडेबल बुकिंग, हा क्रम कृपा करून उलटा करू नका.

प्रश्न: कुठला महिना बेस्ट?

तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. मे आणि जूनचा पहिला भाग त्यातल्या त्यात कोरडा, डोंगरांवर बर्फ भरपूर, भाडं कमी. जूनच्या शेवटी अलास्काच्या राजधानीत, जुनोला, अठरा तासांच्या वर उजेड असतो, रात्री दहाला डेकवर उभं राहून डोंगर बघता येतात. जुलै-ऑगस्टमध्ये सॅमन नदीत चढतात आणि त्यांच्या मागे अस्वलं येतात, केचिकन या बंदरगावातल्या ओढ्यात पुलावरून खाली बघितलं तर मासेच मासे. सप्टेंबरमध्ये रात्री अंधाऱ्या असतात म्हणून नॉर्दर्न लाइट्सचा चान्स असतो, पण पाऊसही वाढतो. पाऊस तसा कधीही येतो, केचिकनला तर वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. छत्री नेऊ नका, वाऱ्यात काही कामाची नाही, चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट, आत फ्लीस, टोपी, हातमोजे. बंदरात पंधरा-सोळा डिग्री असलं तरी ग्लेशियरसमोरच्या डेकवर बोटं गोठतात.

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना बोट लागते. न्यावं का त्यांना? दोघांची खूप इच्छा आहे.

न्या, नक्की न्या. उलट आईबाबांना घेऊन रानावनात जायचं तर यासारखा प्रकार नाही, कारण सामान एकदाच उघडायचं आणि डोंगर आपणहून समोर येतात. बाबांसाठी व्हँकुव्हरहून निघणारा रूट घ्या, खोली जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. गोळी लागेल ती डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः बीपीची वगैरे औषधं चालू असतील तर, आणि हलायला लागल्यावर नाही, आधी घ्यायची असते. अलास्काच्या आखाताचा पट्टा उघडा आहे, त्यामुळे वन-वे रूट त्यांच्यासाठी नको.

आईसाठी स्कॅग्वे बंदरातून निघणारी ट्रेन. व्हाइट पास अँड यूकॉन ही नॅरो गेज लाइन १८९८ ते १९०० मध्ये सोन्याच्या मागे आलेल्या लोकांसाठी बांधली, समुद्रसपाटीवरून वीस मैलांत २,८६५ फुटांवर चढते. वर जाताना डाव्या बाजूला बसवा त्यांना. खिडकीतून जुनी पायवाट दिसते, त्या वाटेवर ओझ्याने आणि उपासमारीने सुमारे तीन हजार घोडे मेले, त्या घळीचं नावच डेड हॉर्स गल्च आहे. तेव्हा कॅनडाचे पोलिस प्रत्येकाकडे वर्षभराचं सामान, म्हणजे जवळपास टनभर ओझं असल्याशिवाय पुढे सोडत नव्हते. नुसत्या समिटपर्यंत जाऊन परत येणारी फेरी घ्या, पुढे कॅनडात उतरवणारी असेल तर पासपोर्ट-व्हिसा लागतो. जुनोला माउंट रॉबर्ट्सची ट्राम आहे, चालायला न लागता अठराशे फूट वर. आणि सगळ्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स, त्यात मेडिकल इव्हॅक्युएशन, म्हणजे आजारी माणसाला मोठ्या हॉस्पिटलला हलवायचा खर्च, असलंच पाहिजे. जुनो राजधानी असूनही तिथे बाहेरून रस्ता येत नाही, सगळं विमानाने नाहीतर बोटीने, यावरून समजून घ्या.

प्रश्न: व्हेल दिसतीलच का? वेगळी टूर घ्यायची की जहाजावरून दिसतात?

जहाजावरूनही दिसतात, पण लांब. एकच टूर परवडणार असेल तर जुनोहून किंवा आइसी स्ट्रेट पॉइंट या बंदराहून छोट्या बोटीची व्हेल टूर घ्या, माझं मत विचाराल तर हेलिकॉप्टरपेक्षा हीच. हंपबॅक व्हेल हिवाळ्यात हवाईला असतात आणि तिथे जवळपास काहीच खात नाहीत, उन्हाळ्यात इथे येऊन पोट भरतात, म्हणून मे ते सप्टेंबर त्या हमखास या पाण्यात असतात. आधी फवारा शोधायचा, धुरासारखा उडतो आणि विरतो. तीन-चार फवाऱ्यांनंतर पाठ जास्त वाकलेली दिसली की समजायचं आता खोल जाणार, त्याच वेळी शेपूट वर येते. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येकीचे वेगळे असतात, त्यावरूनच शास्त्रज्ञ एकेकीला ओळखतात.

नशीब जोरावर असेल तर बबल-नेट दिसेल. पाचसात जणी खाली जाऊन माशांच्या थव्याभोवती गोल फिरत बुडबुडे सोडतात, वरून बघितलं तर पाण्यावर बुडबुड्यांचं कडं उमटतं, सीगल आधीच ओरडत वर जमतात, चमचमते हेरिंग मासे पाण्याबाहेर उड्या मारायला लागतात आणि मग सगळ्या व्हेल तोंडं उघडून एकदम वर येतात. सीगलचा गोंधळ दिसला की कॅमेरा तयार ठेवा. बोटवाल्याला 'अजून जवळ घ्या' म्हणू नका, हंपबॅकपासून १०० यार्डांच्या आत जायला कायद्याने बंदी आहे. दुर्बीण मात्र प्रत्येकाला स्वतंत्र न्या, ८×४२ ची, हलत्या बोटीवर दहापट मोठं दाखवणारीपेक्षा आठपट दाखवणारी बरी.

प्रश्न: बाल्कनीची खोली घ्यावीच लागेल का?

नाही. ते पैसे व्हेल टूरला वापरा. ग्लेशियरच्या दिवशी बाल्कनीतून एकच बाजू दिसते, वरच्या नाहीतर पुढच्या उघड्या डेकवरून सगळं. वयस्कर माणसं थंडीत बाहेर उभी राहू शकणार नसतील तरच बाल्कनी घ्या, मग ती खरंच उपयोगी पडते.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, जैन जेवण मिळेल का?

मोठ्या जहाजांवर मिळतं, पण बुकिंग झाल्याबरोबर लेखी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला भेटून दुसऱ्या दिवशीचं सांगून ठेवा. बंदराच्या गावांमध्ये सगळं सॅमन आणि खेकडा, त्यामुळे टूरच्या दिवशी जहाजावर पोटभर खाऊन निघा. जहाजावरची फळं खाली नेता येत नाहीत.

प्रश्न: जाहिरातीतली किंमत आणि खरा खर्च यात किती फरक पडतो?

बराच. भाड्यावर टॅक्स आणि पोर्ट फी, मग माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर टिप, इंटरनेट वेगळं, आणि टूर्स वेगळ्या. व्हेल टूर दीडशे-दोनशे डॉलर, ग्लेशियरवर उतरवणारं हेलिकॉप्टर त्याच्या दुप्पट किंवा जास्त. प्रत्येक बंदरात टूर घ्यायची गरज नाही. जुनोजवळच्या मेंडनहॉल ग्लेशियरला शटलने जा, तिथून नगेट फॉल्सपर्यंत मैलभराची सपाट वाट आहे आणि सॅमनच्या दिवसांत स्टीप क्रीकला काळी अस्वलंही येतात. केचिकनचे टोटेम पोल, म्हणजे मूळनिवासींचे कोरीव लाकडी खांब, पायी फिरून बघता येतात.

प्रश्न: ताई, बर्फ वितळतोय आणि आपण धूर सोडणारी जहाजं घेऊन तो बघायला जातोय. मला हे पटत नाही, पण मुलांना दाखवायचंही आहे. तुमचं मत?

तुमची टोचणी खरी आहे. मेंडनहॉलचं व्हिजिटर सेंटर १९६२ साली बांधलं तेव्हा ग्लेशियर जवळ होता, आता तो तळ्याच्या पलीकडे पार मागे गेलाय, आणि त्याच्या शेजारच्या खोलगटीत साठलेलं पाणी फुटून २०२३ पासून सलग तीन वर्षं ऑगस्टमध्ये जुनोतल्या वस्तीत पूर आला. गावकऱ्यांनाही गर्दीचा त्रास होतो, म्हणून जुनोने दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातलीय.

मी म्हणेन जा, पण निवडून जा. जुनोला २००१ पासून काही जहाजं धक्क्यावरची वीज घेतात आणि एंजिन बंद ठेवतात, तुमचं जहाज ते करतं का हे विचारा, गिऱ्हाईक विचारायला लागलं की कंपन्या मनावर घेतात. ग्लेशियर बेसारखी, जिथे जहाजांची संख्या बांधलेली आहे अशी जागा निवडा. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स इनलेटमध्ये सील बर्फावर पिल्लं घालतात म्हणून ऑगस्ट संपेपर्यंत क्रूझ जहाजांना बंदी असते, 'आपल्याला का नाही नेलं' म्हणून तक्रार करू नका, मुलांना कारण सांगा. आणि पैसे धक्क्यासमोरच्या दागिन्यांच्या दुकानांत घालवण्यापेक्षा स्थानिकांना मिळू द्या. आइसी स्ट्रेट पॉइंट हे बंदर हूनाच्या ट्लिंगिट लोकांच्या स्वतःच्या कंपनीचं आहे, तिथे त्यांच्याच तोंडून त्यांच्या गोष्टी ऐकायला मिळतात.

प्रश्न: तीन हजार माणसांचं जहाज नकोच वाटतं. दुसरा काही मार्ग?

दोन आहेत. एक म्हणजे साठ-सत्तर ते शंभर प्रवाशांची छोटी जहाजं, अरुंद खाड्यांत शिरतात, कयाकमधून उतरवतात, अस्वल दिसलं तर थांबतात, पण महाग आहेत, मोठ्या जहाजाच्या कितीतरी पट.

दुसरा म्हणजे सरकारी फेरी, अलास्का मरीन हायवे, १९६३ पासून चालू आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून निघते आणि मधे कुठे न थांबता दीडेक दिवसात केचिकन, म्हणजे कॅनडाचा व्हिसाही लागत नाही. पुढे रँगल, पीटर्सबर्ग, जुनो असं उतरत चढत जायचं. गावातलीच माणसं, शाळेच्या टीम, किराणा घेऊन चाललेली कुटुंबं सोबत असतात, आणि केबिनचे पैसे वाचवायचे असतील तर लोक वरच्या डेकवर स्लीपिंग बॅग पसरतात, कुणी तर चक्क तंबू लावतात आणि वाऱ्याने उडू नये म्हणून डक्ट टेपने डेकला चिकटवतात. शो नाही, बुफे नाही, कॅफेटेरियात मिळेल ते खायचं. ग्लेशियर बेमध्ये ती आत जात नाही, त्यासाठी जुनोहून पार्कजवळच्या गस्टेव्हस गावी जाऊन पार्कची डे-बोट घ्यावी लागते. बेलिंगहॅमची फेरी रोज नसते आणि उन्हाळ्यात केबिन लवकर भरतात, तेव्हा आधी फेरीच्या तारखा धरा आणि मग विमानाची तिकिटं काढा.